तापलेला अणुगर्भ फुटतो कसा?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कंत्राटी पद्धतीवर किंवा महागाईभत्त्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. ती भाषणे मी वर्षभर कारखान्यांच्या गेटावर करतच असतो, आणि तेथे ऐकणाऱ्यांना खुर्च्या नसतात. आपण येथे निवांत बसला आहात, संध्याकाळचा वारा सुटला आहे; म्हणून आज थोडे दूरचे बोलावे असे ठरवले. विषय आहे अणुगर्भाचा. हा माणूस फाउंड्रीतला, नववीपर्यंत शिकलेला, ह्याला अणुगर्भाचे काय कळते, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या गोष्टी जगातल्या जनतेच्या पैशाने शोधल्या गेल्या आहेत, त्या जनतेला तिच्या भाषेत सांगता आल्याच पाहिजेत. मी गेली वीसेक वर्षे वाचनालयातून पुस्तके आणून ह्या विषयाचा पिच्छा पुरवला आहे. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

अणू फोडणे म्हटले की आपल्याला बॉम्ब आठवतो. तो आधी बाजूला ठेवू. बॉम्बमध्ये किंवा वीजकेंद्रात युरेनियमच्या गर्भाचे दोन भाग होतात. ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान ह्यांना १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ह्याचा पुरावा मिळाला, आणि लीझा माइटनर व ऑटो फ्रिश ह्यांनी १९३९ च्या आरंभी त्याचा अर्थ लावला. तेथे गर्भाला जेमतेम एक टिचकी पुरते. मी ज्या फुटण्याविषयी बोलणार आहे त्यात गर्भावर घाव घातला जातो, तो विलक्षण तापतो, आणि त्याचे पाच, सात, दहा तुकडे होतात. ह्यातून वीज मिळत नाही, बॉम्बही होत नाही. उलट फोडायला पदरची शक्ती घालावी लागते. मग हा उद्योग करायचा कशाला? ते पुढे येईल.

प्रथम गर्भ म्हणजे काय ते पाहू. उदाहरणाला सोने घेऊ, कारण ह्या प्रयोगांत सोनेच फार वापरले गेले आहे. सोन्याच्या एका अणूच्या गर्भात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन, मिळून १९७ कण असतात. गर्भ हरभऱ्याएवढा मानला तर सबंध अणू दीडशे मीटरांहून अधिक रुंद भरेल. मधली सारी जागा जवळजवळ रिकामी, आणि वजन जवळजवळ सगळे त्या हरभऱ्यात. असे गर्भ एकाला एक चिकटवून साखरेच्या चौकोनी वडीएवढा, म्हणजे एक घन सेंटिमीटर, ऐवज जमवला तर त्याचे वजन सुमारे २३ कोटी टन होईल.

हे कण एकमेकांना धरून असतात ते अगदी जवळच्या ओढीने. ही ओढ शेजाऱ्यापुरती. दोन घरे पलीकडच्याला ती पोचत नाही. आणि फारच जवळ आले तर तेच कण एकमेकांना ढकलतात. त्यामुळे गर्भ लहान असो की मोठा, त्याची घनता सारखीच राहते, आणि पृष्ठभागावरचे कण आतल्यांपेक्षा सैल बांधलेले असतात. हे वर्णन ऐकून आपल्याला कशाची आठवण होते? पाण्याच्या थेंबाची. जॉर्ज गामोने १९३० च्या सुमारासच ही थेंबाची कल्पना मांडली, आणि नील्स बोरने ती पुढे नेली. मात्र थेंबात नसलेली एक भानगड गर्भात आहे. त्यातले ७९ प्रोटॉन विजेच्या एकाच जातीचे असल्यामुळे एकमेकांना सतत दूर लोटत असतात. तेव्हा गर्भ म्हणजे पोटात भांडण असलेला थेंब होय.

ह्यातली शक्ती मोजायला एक माप लागेल. शास्त्रज्ञ दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे माप वापरतात. मी आज त्याला नुसते ‘माप’ म्हणेन. कोळशाचा एक अणू जळताना जी शक्ती देतो, तिच्या सुमारे अडीच लाख पट म्हणजे एक माप. गर्भातला एकेक कण सरासरीने आठ मापांनी बांधलेला असतो. सोन्याचा गर्भ पूर्ण विसकटून कण न् कण सुटा करायचा तर दीड हजारांहून अधिक मापे ओतावी लागतात. घाबरू नका, एका उडत्या डासाच्या अंगच्या गतीची शक्ती दहा लाख मापांच्या घरात असते. तेवढ्या बळावर असे सहाशेहून अधिक गर्भ विसकटतील. शक्ती थोडीच आहे, पण ती इतक्या लहान जागी कोंडली की काय होते, हा प्रश्न आहे.

बोरसाहेब १९३६ साली हे समजावून सांगताना एका पसरट भांड्याची कल्पना वापरीत. उथळ परातीत गोट्या भरलेल्या आहेत, बाहेरून एक गोटी जोराने सोडली. परात रिकामी असती तर ती पलीकडून निघून गेली असती. पण भरलेल्या परातीत तिचा जोर सगळ्या गोट्यांत वाटला जातो, आणि बाहेर पडण्याइतका जोर कोणा एकीजवळ उरत नाही. पुष्कळ वेळाने योगायोगाने एखाद्या गोटीला पुरेसा धक्का मिळतो आणि ती काठावरून उडते. गर्भाचे ‘तापणे’ ते हेच. सौम्य तापलेला गर्भ असा एकेक कण टाकत निवतो, ओल्या धोतरातून पाणी उडून जावे तसा. पण त्याच वर्षी बोरने असेही लिहून ठेवले की, आघाताची शक्ती हजार मापांच्या घरात गेली तर सबंध गर्भाचाच स्फोट होईल अशी आपण तयारी ठेवली पाहिजे. तेव्हा तसे यंत्र जगात कोठेही नव्हते.

यंत्र नव्हते, पण आकाश होते. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत ह्याहून कितीतरी जोरकस कण असतात. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत मारिएटा ब्लाउ नावाच्या बाई काम करीत. फोटोच्या काचेवरील जाड लेपातून कण गेला की त्याची वाट काळ्या ठिपक्यांच्या रेषेने उमटते, हे तंत्र त्यांनी वर्षानुवर्षे खपून सुधारले, आणि त्यातली बहुतेक वर्षे त्या संस्थेत बिनपगारी होत्या. १९३७ साली त्यांनी आणि हेर्टा वाम्बाखर ह्यांनी इन्सब्रुकजवळ २३०० मीटर उंचीवर, हाफेलेकार येथे काही महिने अशा काचा ठेवल्या. काचा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा काहींवर एकाच बिंदूतून चहूकडे फाकलेल्या रेषा दिसल्या. त्यांना ‘तारे’ म्हणू लागले. प्रत्येक तारा म्हणजे फुटलेला एकेक गर्भ. पुढच्याच मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ब्लाउबाई यहुदी, त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्या सहकारी वाम्बाखरबाई नाझी पक्षाच्या सभासद होत्या. १९५० चे नोबेल पारितोषिक ह्याच तंत्राच्या पुढच्या प्रगतीसाठी आणि त्यातून लागलेल्या शोधांसाठी ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल ह्यांना मिळाले. ब्रिस्टललाही काचा तासन्तास तपासून तारे शोधण्याचे काम पगारी मुली करीत असत. शोधाच्या इतिहासात हजेरीपटावरची ही नावे सहसा वाचायला मिळत नाहीत. मी ती शोधत असतो, ती माझी जुनी खोड आहे.

ह्या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. विश्वकिरणांत नुसते प्रोटॉन नसून जड गर्भही असतात, हे १९४८ साली अमेरिकेत सिद्ध झाले. ते काम करणाऱ्यांपैकी बर्नार्ड पीटर्स हे राजकीय मतांवरून तिकडे छळ सुरू झाल्यावर भारतात आले, आणि १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. फुग्यांना लेपाच्या चवडी बांधून आकाशात सोडायच्या आणि खाली आल्या की तारे मोजायचे, हे काम आपल्याकडेही झाले आहे.

आता यंत्रांकडे वळू. आकाशातला कण कोणता, किती जोराचा, हे आपल्या हाती नसते. १९७४ साली अमेरिकेत बर्कलीला दोन यंत्रे जोडून ‘बेव्हॅलॅक’ उभे राहिले आणि जड गर्भ हवा तेवढा वेग देऊन फेकता येऊ लागले. ते १९९३ पर्यंत चालले. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९० साली तसेच यंत्र सुरू झाले. तेथे सोन्याचे गर्भ प्रकाशाच्या सुमारे ७९ टक्के वेगाने फेकून तांब्यावर, अॅल्युमिनियमवर, कोळशावर आणि सोन्याच्याच पातळ पत्र्यावर आपटले गेले. टक्कर समोरासमोर झाली तर सगळाच चुराडा. पण पुष्कळदा दोन गर्भ एकमेकांना कडेने घासून जातात. जेवढा भाग एकमेकांवर आला तेवढा खरवडला जातो, आणि उरलेला भाग आपल्या वाटेने तसाच पुढे जातो; पण घासल्यामुळे तो तापलेला असतो. हा तापलेला उरलेला तुकडा आपला नायक. त्याचे फुटलेले सगळे अंश त्याच वेगाने पुढेच उडत असल्यामुळे, पुढे मोठे चुंबक आणि मोजणारी यंत्रे मांडून ठेवली की बहुतेक सगळे सापडतात.

सापडलेल्या तुकड्यांवरून फुटण्याची रीत कशी ओळखायची? एका कारखान्यात ग्राइंडिंगचे चाक फुटून आमच्या एका माणसाचा डोळा गेला होता. मालकाचे म्हणणे, ह्याने कास्टिंग आडवे दाबले. आम्ही त्या रात्री शेडमधले सगळे तुकडे झाडून पोत्यात भरले आणि पोते सीलबंद करून ठेवले. तीन मोठे तुकडे, थोडासा भुगा. आणि मोठे तुकडे चाकाच्याच पातळीत लांब उडालेले. चाक आपल्याच फिरण्याच्या ताणाने फुटले की असे होते. घाव बसून कड तुटली तर वेगळे दिसते. स्पिंडलचा वेग तपासला, तो चाकावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त निघाला. फुटताना कोणी पाहिले नव्हते. तुकडे किती, केवढे आणि कोठे, एवढ्यावर ते प्रकरण उभे राहिले.

गर्भाचेही तसेच. फुटण्याची क्रिया होते ती एका सेकंदाला एकावर बावीस शून्यांनी भागून येणाऱ्या क्षणात, फार तर अशा दहाएक क्षणांत. असल्या एका क्षणात प्रकाशसुद्धा सोन्याचे दोन गर्भ जेमतेम ओलांडील. पाहणार कोण? म्हणून तुकडे मोजायचे. थोडा तापलेला गर्भ एक मोठा अंश आणि चार-दोन भुग्याचे कण मागे ठेवतो, किंवा दोन भागांत दुभंगतो. अधिक ताप दिला की मधल्या आकाराचे तुकडे निघू लागतात: लिथियमएवढे, कार्बनएवढे, निऑनएवढे. ताप वाढवावा तसे ते वाढतात. सोन्याच्या बाबतीत सरासरी तीन-चारपर्यंत जातात. आणि मग, आणखी ताप दिला की कमी होऊ लागतात! कारण आता तुकड्यांचेही तुकडे होतात, आणि शेवटी हायड्रोजन-हेलियमचा नुसता धूर उरतो. ही चढउतार डार्मश्टाटच्या मंडळींनी १९९१ साली प्रसिद्ध केली. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे दिसली: आपटला तो तांब्यावर की सोन्यावर, वेग थोडा कमी की अधिक, ह्याने त्या आलेखात फरक पडत नाही. तापलेला गर्भ आपल्याला कोणी तापवले हे विसरतो. किती तापलो, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणजे फुटण्यापूर्वी ती उष्णता सगळ्या कणांत वाटली गेली असली पाहिजे; बोरच्या परातीचा न्याय येथेही चालतो.

मधल्या टप्प्यात आणखी एक नवल आहे. तेथे सगळ्या आकारांचे तुकडे मिळतात, आणि लहानाकडून मोठ्याकडे जाताना त्यांची संख्या एका ठरावीक नियमाने घटते. १९८२ साली अमेरिकेत फर्मिलॅबच्या प्रयोगांत प्रोटॉनांनी झेनॉन आणि क्रिप्टॉनचे गर्भ फोडले, तेव्हा हा नियम डोळ्यांत भरला. कारण तो ओळखीचा होता. वाफ आणि पाणी ज्या एका विशिष्ट बिंदूपाशी एकमेकांत मिसळून जातात, तेथे थेंबांच्या आकारांची वाटणी अशीच असते. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ साली कार्बन डायऑक्साइडमध्ये ३१ अंशांवर असा बिंदू दाखवला होता, आणि १८७३ साली व्हान डर वाल्सने त्याचे कारण सांगितले: रेणू दुरून थोडे ओढतात, जवळ आले की ढकलतात. आता मघाशी मी गर्भातल्या कणांविषयी काय सांगितले ते आठवा. तीच वागणूक! फरक शक्तीचा, लाखो पटींचा. पण स्वभाव एक. म्हणून प्रश्न उभा राहिला की, गर्भाच्या द्रव्यालाही उकळी येते का?

उकळीची खूण आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. आधण ठेवले की पाणी तापत जाते. पण एकदा उकळी फुटली की शेगडी कितीही फुलवा, उष्णतामान शंभर अंशांवर अडून बसते. दिलेली उष्णता रेणूंचे बंध तोडण्यात खर्ची पडते; तिलाच गुप्त उष्णता म्हणतात. गर्भातही असे होते का हे पाहायला तापमापक हवा. तो तुकड्यांतच मिळाला: हेलियम आणि लिथियम ह्यांच्या जड व हलक्या भावंडांचे प्रमाण उष्णतेप्रमाणे बदलते, त्यावरून उष्णतामान काढता येते. १९९५ साली डार्मश्टाटहून आलेखच प्रसिद्ध झाला. प्रत्येक कणामागे तीन मापे उष्णता देईपर्यंत उष्णतामान चढत गेले; तीनपासून दहा मापांपर्यंत ते पाचाच्या आसपास जवळजवळ सपाट राहिले; आणि पुढे पुन्हा चढले. पाच मापे म्हणजे सुमारे ५,८०० कोटी अंश. सूर्याच्या पोटातल्या उष्णतामानाच्या जवळजवळ चार हजार पट. गर्भाचे आधण इतक्या तापावर उकळते.

हे चित्र सुबक आहे, म्हणून त्याच्याशी भांडणारेही लगेच पुढे आले, आणि ते योग्यच झाले. एकाने म्हटले, अधिक तापलेले गर्भ अधिक खरवडले गेलेले, म्हणजे लहानही असतात. मग एकाच भांड्याची तुलना कोठे राहिली? दुसऱ्याने तापमापक बदलला, तर शेवटची चढण तितकी स्पष्ट दिसेना. तिसऱ्याचा आक्षेप मुळावरच होता: दोनशे कणांना ‘द्रव’ आणि ‘वाफ’ म्हणायचे तरी कसे? पाण्याच्या एका थेंबात रेणूंची संख्या मोजायला वीस-एकवीस आकडे लागतात. हा शेवटचा आक्षेप मला फार जवळचा वाटतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सात माणसे जमली की युनियन नोंदवता येत असे. पण सातांचा जमाव आणि सात हजारांचा जमाव एकाच नियमाने वागत नाही हे मी पाहिले आहे. तरीही सातांतसुद्धा एकट्यादुकट्याहून वेगळे काही असते. शास्त्रज्ञांनीही तोच मार्ग काढला. मोठ्या द्रव्यात जी उकळी कडेवर एकदम येते, तीच लहान गर्भात थोडी पसरट, थोडी चाचपडत येते. तिच्या खुणा वेगळ्या रीतीने शोधाव्या लागतात. सपाट भाग आहे, इतके बहुतेक मानतात. त्याचा अर्थ कोणता, ह्याविषयी अजून मतभेद आहेत, आणि मतभेद आहेत हे लपवू नये.

तुकडे एकामागून एक सुटतात की सगळे एकदम, हाही असाच वाद होता. ह्याचा निवाडा युक्तीने झाला. गेटातून दोन माणसे खांद्याला खांदा लावून बाहेर पडली तर एकमेकांना ढकलून दूर होतात. तासाच्या अंतराने पडली तर एकमेकांची दखलही घेत नाहीत. तुकड्यांवर विजेचा भार असतो, म्हणून एकाच वेळी सुटलेले तुकडे एकमेकांना लोटतात, आणि सारख्या वेगाने शेजारी उडणाऱ्या जोड्या मोजणीत कमी भरतात. किती कमी भरतात त्यावरून सुटण्यातले अंतर कळते. थोडा ताप असेल तर हे अंतर मोठे. ताप वाढेल तसे ते आकसत जाते, आणि शेवटी सगळे जवळजवळ एकदमच. तेव्हा मानले जाते ते असे: तापलेला गर्भ आधी फुगतो, त्याची घनता एक-तृतीयांशापर्यंत उतरते, आणि त्या विरळ, ताणलेल्या अवस्थेत तो टिकू शकत नाही. दाट भाग अधिक दाट, विरळ भाग अधिक विरळ होतो. दूध नासताना पातेल्यात सगळीकडे एकदम गाठी धरतात, तसे तुकडे धरतात, आणि मग प्रोटॉनांचे भांडण त्यांना दूर उडवून देते.

आता कशाला, ह्या प्रश्नाचे उत्तर. मोठा तारा मरताना त्याचा लोखंडाचा गाभा आत कोसळतो. त्या कोसळणाऱ्या द्रव्यात असे थर असतात की जेथे घनता गर्भाच्या दशांश, तृतीयांश, आणि उष्णतामान काही मापांचे असते. म्हणजे नेमकी आपल्या फुगलेल्या, फुटणाऱ्या गर्भाची स्थिती. फरक असा की येथे ती स्थिती एका क्षणाच्या अंशापुरती आणि दोनशे कणांपुरती, तेथे ती सूर्याएवढ्या वजनाची. त्या थरांत गुठळ्या किती आणि धूर किती, ह्यावर न्यूट्रिनो कण आत किती अडकतात हे ठरते, आणि स्फोट होणार की नाही हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. फेब्रुवारी १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या दीर्घिकेत असा तारा फुटला तेव्हा जपान, अमेरिका आणि रशिया ह्यांच्या जमिनीखालच्या यंत्रांत मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो सापडले. ताऱ्याच्या पोटात हात घालणे शक्य नाही. डार्मश्टाटच्या सोन्याच्या पत्र्यावर त्या द्रव्याचा एक कण तरी चाखता येतो.

फ्रान्समध्ये काँ ह्या गावी १९९३ पासून ‘इंद्रा’ नावाचे यंत्र ह्याच कामावर आहे. नाव त्यांच्या भाषेतल्या आद्याक्षरांचे. आपल्या इंद्राला हजार डोळे, त्याला ३३६ आहेत. आर्गॉन निकेलवर आपटून काही गर्भ पार धूर होऊन गेलेले त्याने पकडले. अलीकडे त्याला आणखी एक नवे यंत्र जोडले आहे, ते तुकड्याचा विद्युत्भारच नव्हे, तर वजनही नेमके सांगते. कारण आता लक्ष न्यूट्रॉनांकडे वळले आहे. ज्या गर्भात न्यूट्रॉन जास्त, तो फुटताना जास्तीचे न्यूट्रॉन धुरात जातात आणि गुठळ्यांत प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे प्रमाण समसमानाकडे झुकते, असे २००० च्या सुमाराच्या प्रयोगांत आढळले. मळीच्या भट्टीत वाफेबरोबर मद्यार्क अधिक निघून जावा, तसे हे आहे. हे प्रमाण घनतेबरोबर कसे बदलते, ते अजून मोजणे चालू आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचे कवच केवढे जाड असावे, हा हिशेब त्या मोजणीवर अडून आहे.

माझी वेळ संपली, असे चिटणीस खुणावत आहेत.